चादरीला नीळ जास्त पडलेली नाही

"डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. मी वाईची निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६७. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालं, त्याला आज सोळा दिवस झाले. डॉक्टर तपासतात, सगळं छान आहे म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. मला मात्र छान वाटत नाही. परवा धुतलेली पांढरी चादर निळसर दिसली म्हणून मी सुनेला बोलले, नीळ जास्त घातलीस. मग डावा डोळा उघडून पाहिलं तर तीच चादर मळकी पिवळी! सून दोन दिवस धड बोलली नाही. सकाळी उठल्यावर उजव्याला धुरकट दिसतं, नऊ-दहाला निवळतं. पापणीखाली कुसळ असल्यासारखं खुपतं. उजव्या कडेला काळी चंद्रकोर दिसते, मधूनच लकाकी मारते. डाव्या डोळ्याने चष्म्याशिवाय पोथी वाचता येते, नव्याने येत नाही, मग पैसे कशाचे दिले? जिना उतरताना शेवटची पायरी चुकते. साखर थोडी आहे, गोळी चालू आहे. थेंब सहा आठवडे सांगितलेत, पण लाली गेली आहे तर बंद केले तर चालतील का? शेजारी म्हणतात डाळ-भात, आंबट बंद, पू होतो. आणि उन्हाळ्यात ऑपरेशन करायलाच नको होतं. जाळं पुन्हा येतं म्हणतात, ते खरं का? आठव्या दिवशी थोरल्या जाऊबाई गेल्या. खूप रडले, पदराने डोळे पुसले. तेव्हापासून मनात धास्ती आहे."

बाई, नमस्कार.

तुम्ही सगळ्यात जड गोष्ट शेवटी, तीन ओळींत उरकली आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते. जाऊबाईंसाठी रडलात त्याने डोळ्याचं काही बिघडलेलं नाही. अश्रू डोळ्याच्या आतून येत नाहीत. वरच्या पापणीखाली, बाहेरच्या बाजूला एक ग्रंथी असते तिथून ते येतात, डोळ्यावरून वाहतात आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात उतरतात. रडताना नाक गळतं ते त्यामुळे. आपल्याला भीती असते ती पदराची. पदर दिवसभर कुठेकुठे लागलेला असतो आणि त्याने पुसताना आपण नकळत डोळा चोळतो. पण आठव्या दिवशी ते झालं आणि सोळाव्या दिवशी डोळा दुखत नाही, लाल नाही, नजर उतरलेली नाही, म्हणजे तुम्ही त्यातून सुखरूप निघालात. यापुढे रडू आलं तर खुशाल रडा. गालावर ओघळलेलं पाणी स्वच्छ धुतलेल्या रुमालाने टिपा, पापणीला हात लावू नका.

एक सांगून ठेवते. तुमचा डोळा मी तपासलेला नाही. पत्रावरून जेवढं बोलता येतं तेवढंच बोलते आहे, आणि जिथे तपासणीच हवी तिथे तसं सांगेन.

आता ती चादर. माझ्या जवळजवळ वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये 'नीळ जास्त पडली' ही तक्रार मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकली आहे. एक शिंपीकाका ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी हातात पँट घेऊन आले होते. गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटला त्यांनी गडद निळ्या दोऱ्याची टीप मारली होती. "ताई, ही मी गेल्या महिन्यात शिवली. दुकानात बसून, दिवसाउजेडी." त्यांना भिंगापेक्षा आपल्या हाताचा संशय आला होता.

झालं असं होतं. आपलं जन्माचं भिंग मसुराच्या आकाराचं असतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी फुगीर, पण मसुरापेक्षा बरंच मोठं: रुंदी नऊ-दहा मिलिमीटर आणि जाडी साडेचार-पाच. लहानपणी ते पाण्यासारखं नितळ असतं. वय वाढतं तसं त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, आणि भिंग आधी फिकट पिवळं, मग मधाच्या रंगाचं, कधी तपकिरीही होतं. पिवळी काच निळा प्रकाश अडवते. हे वीस-पंचवीस वर्षांत इतकं हळू होतं की मेंदू आपला हिशेब बदलत राहतो आणि आपल्याला चादर पांढरीच वाटत राहते. मग एका सकाळी, पंधरा-वीस मिनिटांत, ती मधाच्या रंगाची काच निघून जाते. अडलेला निळा एकदम आत येतो आणि मेंदूचा हिशेब अजून जुनाच असतो. म्हणून निळसर. दुसऱ्या डोळ्यावर जुनी काच तशीच असल्यामुळे तुम्हाला दोन्ही चादरी शेजारी-शेजारी पाहायला मिळाल्या. असा प्रयोग वर्गात करून दाखवता आला असता तर तुम्ही नक्की केला असता.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं. त्यानंतर त्यांनी रंगांबद्दल एवढ्या तक्रारी केल्या, रंगीत काचांचे चष्मे लावून पाहिले, आणि शेवटपर्यंत डाव्या डोळ्याला कुणाला हात लावू दिला नाही. रंगांवर ज्याचं पोट होतं त्याची ही गत, तर चादरीवरून सुनेला बोलणं काहीच नाही. हा निळेपणा काही आठवड्यांत, फार तर दोनेक महिन्यांत जाणवेनासा होतो. भिंग बदलत नाही, मेंदू नवा हिशेब शिकतो. डाव्या डोळ्याचं झालं की तुलना करायलाही काही उरत नाही. सुनेची समजूत मात्र त्याआधी घाला.

सकाळचं धुरकट दिसणं मला जास्त रंजक वाटतं, कारण त्यात डोळा बरा कसा होतो ते दिसतं. डोळ्याच्या दर्शनी भागाला, घड्याळाच्या काचेसारख्या त्या पारदर्शक पटलाला, आम्ही कॉर्निया म्हणतो. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर आरपार दिसलं नसतं. पण रक्त नाही म्हणजे भरून येण्याचं कामही सावकाश. वरची साल एक-दोन दिवसांत जुळते. आतला थर घट्ट व्हायला कित्येक आठवडे जातात. तुमच्या ऑपरेशनची चीर बहुधा अडीच मिलिमीटरच्या आसपासची असेल, तिरकी, झडपेसारखी. आतल्या पाण्याच्या दाबानेच ती बंद राहते, म्हणून टाका लागत नाही. (ही 'फेको' पद्धत, यंत्राने भिंग आतच फोडून काढण्याची. कागदावर तिच्याऐवजी 'एसआयसीएस', म्हणजे लहान चिरेतून हाताने भिंग काढण्याची पद्धत, लिहिलं असेल तर चीर सहा-सात मिलिमीटरची असते, पांढऱ्या भागातून बोगद्यासारखी नेलेली. तीही बिनटाक्याची, तीही उत्तम. आपल्याकडच्या शिबिरांत लाखो डोळे याच पद्धतीने उजळले आहेत. फक्त तिला स्थिरावायला थोडा जास्त वेळ लागतो.)

तर या कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, मधमाशांच्या पोळ्यासारखा, एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण दोन ते अडीच हजार पेशी. त्यांचं काम रहाटगाडग्यासारखं आहे: कॉर्नियात झिरपलेलं पाणी सतत उपसून काढायचं. ऑपरेशनमध्ये त्यातल्या काही पेशी जातात आणि त्या परत उगवत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून त्यांची जागा भरतात. ही आवराआवर चालू असताना उपसा थोडा कमी पडतो. दिवसा डोळा उघडा असतो, वरून बाष्प उडून जातं, त्यामुळे भागतं. रात्री पापणी मिटली की बाष्प उडत नाही, पाणी साचतं, आणि सकाळी काचेवर वाफ धरल्यासारखं दिसतं. तुम्ही चहा घेऊन, आवरून, पूजा करेपर्यंत उपसा पूर्ण होतो.

म्हणजे तुमच्या डोळ्यातलं रहाटगाडगं चालू आहे. पाहायचं ते एवढंच, की निवळण्याची वेळ अलीकडे येते आहे का. पहिल्या आठवड्यात अकरा वाजत होते आणि आता नऊ, तर उत्तम. नऊचे बारा होऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून या.

खुपण्याबद्दल थोडक्यात. चीर देताना कॉर्नियातल्या काही बारीक नसा तुटतात, आणि त्याच नसा डोळ्याला 'कोरडा पडलास, पाणी सोड' असं कळवत असतात. त्या पुन्हा जुळायला दोन-तीन महिने लागतात. वर थेंबांतल्या औषधांनीही डोळा कोरडा पडतो. कुसळ वगैरे काही नसतं. डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब घ्या, आणि टीव्ही पाहताना आठवणीने पापण्या मिटा.

चंद्रकोर उजव्या डोळ्यात उजव्या कडेला, म्हणजे कानाच्या बाजूला दिसते, ही तुमची नोंद महत्त्वाची आहे. नवं भिंग सहा मिलिमीटरचं आणि जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं, जुन्यापेक्षा लहान आणि पातळ. त्याची कड सरळ कापलेली असते. कडेने तिरकी येणारी प्रकाशाची तिरीप त्या कडेपाशी अडखळते: कधी चमकते, कधी सावली टाकते. पुष्कळांना पहिल्या काही आठवड्यांत हे जाणवतं आणि बहुतेकांचं पुढे आपोआप विरतं. घरात नवं घड्याळ लावलं की पहिले काही दिवस टिकटिक ऐकू येते, तसंच.

पण इथे मी बोट उगारून बोलणार आहे. तुमची सावली एका जागी आहे आणि वाढत नाही, म्हणून मी निवांत लिहिते आहे. तीच सावली पडदा ओढल्यासारखी पुढे सरकू लागली, अंधारातही विजा चमकल्यासारखं दिसू लागलं, किंवा डोळ्यापुढे अचानक काजळीचे कण आणि जाळ्या तरंगू लागल्या, तर ते भिंगाच्या कडेचं काम नाही. तो डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) सुटत असल्याचा इशारा असू शकतो. हे ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं, आणि ज्यांना तरुणपणापासून मोठा उणे नंबर होता त्यांना जास्त. दुसरा धोका संसर्गाचा. तो क्वचित होतो, बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात, पण झाला तर तासांचा प्रश्न असतो. बरा होत आलेला डोळा उलटा दुखू लागतो, लाली वाढते, पापणी सुजते, कालपर्यंत दिसणारं आज धूसर होतं. अशा वेळी रविवार असो नाहीतर लग्नाची तिथी, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तुमचे सर्जन भेटले नाहीत तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा नेत्रविभाग. व्हॉट्सॲपवर डोळ्याचा फोटो पाठवून 'बघा हो जरा' करायचं नाही; आतलं काही फोटोत दिसत नाही.

थेंबांचं तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण इथे सुशिक्षित माणसंही चुकतात. डोळा पांढरा दिसतो म्हणजे आतली सूज गेली असं नाही. आम्ही तपासायच्या यंत्रावर, ज्याच्यावर तुम्ही हनुवटी टेकता ना, त्यातून पाहतो तेव्हा डोळ्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात, उन्हाच्या कवडशात धूळ दिसावी तशा. भिंग काढल्याची ती खूण असते, आणि ती हळूहळू कमी होत जाते. तोवर स्टिरॉइडचे थेंब लागतात, आणि ते पायरी-पायरीने उतरवायचे असतात: दिवसातून सहा वेळा, मग चार, तीन, दोन, एक. मधेच तोडले तर सूज उसळून परत येते. उलटंही करू नका. सहा आठवडे झाल्यावर 'बरं वाटतं' म्हणून तीच बाटली औषधाच्या दुकानातून आणत राहिलात तर काही जणांच्या डोळ्यातला दाब चढतो, आणि त्याचा पत्ता माणसाला लागत नाही.

घालायची रीतही सांगते. चिठ्ठीवर ती कुणी लिहीत नाही. हात साबणाने धुवा. बाटलीवर 'हलवून वापरा' असेल तर खरोखर हलवा: पांढरट दुधासारखं औषध असतं, ते तळाशी बसतं, आणि न हलवता घातलं तर पहिले दहा दिवस नुसतं पाणी जातं. खुर्चीत बसून मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढून खोबणीसारखी करा, आणि बाटलीचं टोक कुठेही न टेकवता त्या खोबणीत एकच थेंब सोडा. पापणीच्या खोबणीत एक थेंबही पुरता मावत नाही. दुसरा घातला तर गालावरून थेट ब्लाउजवर. मग डोळा अलगद मिटा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. असं केलं की औषध घशात उतरून कडू लागत नाही. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी. हात थरथरत असतील तर नातवाला काम द्या. मुलं हे मोठ्यांपेक्षा चोख करतात, वेळही चुकवत नाहीत.

आता पैसे कशाचे दिले ते. डावा डोळा चष्म्याशिवाय पोथी वाचतो हा त्याचा गुण नाही, मोतीबिंदूचा आहे. भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की डोळ्याला उणे नंबर येतो, आणि मग जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. साठी ओलांडलेली माणसं 'माझा चष्मा सुटला' म्हणून पेढे वाटतात तेव्हा मला त्यांना तपासणीला बोलवावंसं वाटतं. उजव्या डोळ्यात तुम्हाला बहुधा एकाच अंतराचं भिंग बसवलं आहे, ते लांबच्यासाठी. मांढरदेवीचा डोंगर, एसटीची पाटी, समोरच्या गच्चीवर कोण आहे हे आता उजव्याने पाहा. पोथीसाठी चष्मा लागणार, साधारण अधिक अडीचच्या आसपास. तो आत्ता करायचा नाही. चीर भरेपर्यंत कॉर्नियाचा आकार थोडा बदलत असतो, आणि जुन्या भिंगाच्या ज्या पारदर्शक पिशवीत नवं भिंग ठेवलं आहे ती पिशवी आक्रसून भिंगाला घट्ट धरेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर नंबर हलता. घाईने केलेला महागडा चष्मा दोन महिन्यांत कपाटात जातो. वाचायची अगदीच हौस आली तर दुकानातला तयार वाचनाचा चष्मा काही दिवस वापरलात तरी डोळ्याला अपाय नाही.

पायरी चुकणं मी तेवढ्या हलक्याने घेणार नाही. एका डोळ्याचा नंबर गेला आहे, दुसऱ्याचा आहे तिथेच आहे. मेंदूकडे दोन वेगळी चित्रं जातात आणि खोलीचा अंदाज चुकतो. जुना चष्मा लावूनच जिना उतरत असाल तर घोटाळा आणखी वाढतो, कारण त्याची उजवी काच आता चुकीची आहे. चष्मेवाल्याकडून उजवीकडे साधी, बिननंबराची काच घालून घ्या. तेवढं काम दहा मिनिटांचं आहे. त्यानेही जमलं नाही, तर कठडा धरा आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावा. आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. उजवा नीट भरला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की काही आठवड्यांत दुसरा करता येतो. 'पिकू दे' ही गोष्ट आता संपली; जास्त पिकलेला, दगडासारखा मोतीबिंदू काढायला अवघड आणि कॉर्नियाच्या त्या रहाटगाडग्याला जास्त त्रासाचा.

शेजाऱ्यांवर रागावू नका. त्यांची पथ्यं खोटी नव्हती, ती दुसऱ्या ऑपरेशनची होती. माझ्या आजीचं झालं तेव्हा कॉर्नियाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळ चीर होती, वर टाके. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला उताणं निजवलं होतं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. भिंग बसवत नसत, त्यामुळे पुढे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. तेव्हा चावायला लागू नये म्हणून पातळ जेवण देत, आणि त्यातून एकेक नियम घराघरांत मुरला. डाळ-भाताने, दह्याने, लिंबाने डोळ्यात पू होत नाही. पू जंतूंनी होतो, आणि जंतू येतात हातावरून, मळक्या कपड्यावरून, नळाच्या पाण्यातून, बाटलीच्या टोकावरून. सगळं खा. तुम्हाला पथ्य एकच, साखरेचं, आणि ते डोळा भरून येण्यासाठी खरंच लागतं. पोट साफ राहील असं पाहा, कुंथणं डोळ्याला चांगलं नाही. उन्हाळ्याचंही काही नाही. ऑपरेशन थिएटरला ऋतू नसतो. घाम कपाळावरून डोळ्यात उतरू देऊ नका, एवढंच.

केस धुवायचे तर दुसऱ्या कुणाकडून, मान मागे टाकून, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं. साबणाचं पाणी डोळ्याकडे येता कामा नये. तोंड धुताना ओल्या फडक्याने पुसून घ्या. डोळ्यात पाण्याचे हबके महिनाभर नकोत. काजळ, गुलाबपाणी, मध, एरंडेल, यातलं काहीही नको, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी. गॅसपाशी उभं राहून भाजी-आमटी करायला हरकत नाही. मिरचीची फोडणी आणि भाकरीचं पीठ झाडणं तेवढं आणखी दोन आठवडे दुसऱ्यावर सोपवा. बाहेर पडताना काळा चष्मा. रात्रीचं प्लास्टिकचं झाकण पहिल्या आठवड्यानंतर बहुतेकांना लागत नाही, पण झोपेत डोळे चोळायची सवय असेल तर राहू द्या.

साखरेमुळे एक वेगळी काळजी घ्यायची आहे. चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास काहींच्या पडद्याच्या मधोमध पाणी धरतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नुसतं मधलं धूसर होतं किंवा सरळ रेघ वाकडी दिसते. मधुमेहींना हे जास्त होतं. तुमच्या घरात गणिताची चौकटींची वही नक्की असेल. मधल्या एका चौकटीत पेनाने ठिपका द्या. डावा डोळा तळव्याने झाका, वाचनाचा चष्मा लावून उजव्याने ठिपक्याकडे पाहा, आणि भोवतीच्या रेघा सरळ आहेत ना ते बघा. आठवड्यातून दोनदा, एक मिनिट. रेघ जिथे वाकली, तुटली, तिथे खूण करा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वेळेवर सापडलं तर बहुतेक वेळा थेंबांनीच आटोक्यात येतं.

जाळ्याचं म्हणाल तर मोतीबिंदू परत येत नाही, कारण तो ज्या भिंगात होता ते भिंगच आता नाही. पण भिंगाची पिशवी आम्ही ठेवतो, नवं भिंग तिच्यातच बसतं. तिची मागची भिंत रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीपेक्षाही पातळ असते, स्वच्छ काचेसारखी. पिशवीच्या घडीत जुन्या भिंगाच्या काही पेशी चिकटून राहतात, आणि महिन्यांनी, वर्षांनी त्या भिंतीवर सरपटत जाऊन तिला धुरकट करतात. लोक त्याला जाळं म्हणतात. त्यावर याग लेसर असतं: हनुवटी टेकून बसायचं, टिकटिक आवाज येतो, मागच्या भिंतीला मधोमध खिडकी पडते, आणि पाच-दहा मिनिटांत उठायचं. ना चीर, ना पट्टी.

हे प्लास्टिकचं भिंग शरीर बाहेर टाकणार तर नाही, असं पुष्कळ जण विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात असं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छताच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यात गेल्या होत्या. हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्रज डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं, की त्या ठिकऱ्या आत पडून राहिल्या तरी डोळा चिडत नाही. त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करवून १९४९ साली लंडनमध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. तुमचं भिंग त्याच घराण्यातलं, बरंच सुधारलेलं. ते आयुष्यभर राहतं. त्याचा नंबर छापलेलं छोटं कार्ड ऑपरेशनच्या कागदांत असेल, ते आधार कार्डाच्या शेजारी ठेवा. डाव्या डोळ्याच्या वेळी दाखवावं लागेल.

पत्र लिहिलंत तेव्हा सोळावा दिवस होता, हे वाचाल तेव्हा तिसरा आठवडा संपत आलेला असेल. पुढच्या तपासणीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारायच्या आत तो कागद टेबलावर ठेवा. सकाळचं धुरकट किती वाजता निवळतं, चंद्रकोर तेवढीच आहे का, वहीतल्या रेघा सरळ आहेत का, आणि डावा कधी करायचा, हे चारच लिहिलेत तरी पुरे. घरात कुरडयांचा घाट घातला असेल तर यंदा चीक सुनेला ढवळू द्या. ते जोर लावून करायचं काम आहे आणि वाफ थेट तोंडावर येते. शेजारी खुर्ची टाकून मीठ-हिंगाचं प्रमाण सांगायला मात्र काहीच हरकत नाही.